रात्रीच्या बसमध्ये बाळाचं पावडरचं दूध: घरून काय न्यायचं, वाटेत काय करायचं

प्रश्न असा आहे. इंदूरहून पुण्याला रात्री आठच्या स्लीपर बसनं जायचं आहे, मे महिना, घरातलंच लग्न. मुलगी तीन महिन्यांची, पूर्ण दिवसांची जन्मलेली, वजन साडेपाच किलो. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध सुरू केलं आहे, साधारण साडेतीन तासांनी १२० मिली. सासूबाई म्हणतात, घरूनच तीन बाटल्या तयार करून घ्या, बसमध्ये खटाटोप नको. डब्यावर लिहिलंय ‘उकळून कोमट केलेलं पाणी’, आणि दुसरीकडे वाचलंय की पाणी ७० अंशांचं हवं. मग खरं काय?

थेट उत्तर आधी. घरून तयार दूध नेऊ नका. तीन गोष्टी वेगवेगळ्या न्या: थर्मासमध्ये कडकडीत पाणी, एकेका वेळची मोजलेली कोरडी पावडर आणि उकळून बंद केलेल्या रिकाम्या बाटल्या. बाळाला लागेल तेव्हा, लागेल तेवढंच करा. मुलगी थोडं का होईना अंगावर पीत असेल तर प्रवासात आधी तेच द्या. त्याला थर्मास लागत नाही, मोजमाप लागत नाही.

सासूबाईंची काळजी रास्त आहे. हलत्या बसमध्ये गरम पाणी हाताळणं धोक्याचंच, त्यावर पुढे लिहिलं आहे. पण तयार बाटलीचा धोका दिसत नाही, म्हणून तो जास्त वाईट. दुधाची पावडर स्वच्छ कारखान्यात बनली, डबा सीलबंद असला, तरी ती निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. कोरड्या पावडरीत ते महिनोन्‌महिने नुसते पडून राहतात. पाणी मिळालं की वाढायला लागतात, आणि क्रोनोबॅक्टरला ३७ ते ४३ अंशांची ऊब सगळ्यांत मानवते. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात उभ्या असलेल्या बसमधली पिशवी म्हणजे नेमकी तीच ऊब. अशा तापमानाला तो साधारण वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतो. वीस मिनिटं धरून हिशेब करा: एकाचे दोन तासांत ६४ होतात आणि चार तासांत ४०९६. म्हणूनच तयार दुधाला बाहेर दोन तासांची मर्यादा आहे, आणि आठला केलेली बाटली अडीचला देणं कुठल्याही हिशेबात बसत नाही. चव बदलत नाही, वास येत नाही, दूध फाटत नाही. चाखून बघून काही कळत नाही.

आता ७० अंश आणि कोमट यांचं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ मध्ये पावडरच्या दुधासाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात पाणी उकळून, ते ७० अंशांच्या खाली जायच्या आत पावडर घालायला सांगितलं आहे. इथे पाणी उकळण्याचा उद्देश पाण्यातले जंतू मारणं हा आहेच, पण ७० अंशांचा उद्देश पावडरीतले जंतू मारणं हा आहे. या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पाणी उकळून कोमट केलं की पाणी सुरक्षित झालं, पावडर नाही. डब्यावरचं ‘कोमट’ अगदी निराधार नसतं: काही पावडरींमध्ये उपयुक्त जिवाणू मुद्दाम घातलेले असतात, ते ७० अंशांना मरतात, क जीवनसत्त्वही थोडं घटतं, आणि गरम पाण्यानं भाजण्याची भीती असते. तरीही बाळ दोन महिन्यांच्या आतलं, कमी दिवसांचं, कमी वजनाचं किंवा आजारानं अशक्त असेल तर ७० अंशांवर तडजोड नको. तुमची मुलगी यांपैकी नाही, तरी माझा कौल ७० लाच. फक्त डॉक्टरांनी खास प्रकारची पावडर दिली असेल तर निघण्याआधी त्यांना एकदा विचारा.

म्हणजे सगळा प्रश्न थर्मासवर येतो. दुकानदार ‘चोवीस तास गरम’ म्हणतो, पण गरम किती हे सांगत नाही. म्हणून घरी चाचणी घ्या. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. थर्मासमध्ये उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा, फेकून द्या, मग नुकतंच खळखळलेलं पाणी काठोकाठ भरून बूच घट्ट लावा. आधीचं पाणी फेकण्याची ही पायरी बरेच जण गाळतात. थंड स्टीलची भिंत पहिल्या मिनिटालाच पाण्याची उष्णता ओढून घेते. मग साडेतीन, सात आणि साडेदहा तासांनी पाणी मोजा, आणि प्रत्येक वेळी प्रवासात घ्याल तेवढं, म्हणजे १२० मिली, काढून घ्या. अर्धा रिकामा थर्मास भरलेल्यापेक्षा लवकर निवतो, त्यामुळे न उघडता घेतलेली चाचणी फसवी असते.

तुमच्या वेळापत्रकात साडेसातला घरीच ताजं दूध पाजून निघायचं. नंतर अकरा, अडीच आणि सहा, आणि नऊच्या सुमारास पुणं. बसमध्ये तीन वेळा, म्हणजे ३६० मिली पाणी. पण रस्त्यात ट्रक उलटला की चार तास जातात, म्हणून पाच वेळांची तयारी ठेवा. एकच मोठा थर्मास नेण्यापेक्षा दोन न्या: अर्ध्या लिटरचा अकरा आणि अडीचसाठी, एक लिटरचा पहाटेसाठी, आणि पहाटेपर्यंत त्याचं बूच उघडायचंच नाही. मोठ्या भांड्यातलं पाणी सावकाश निवतं, म्हणून हा क्रम. घरच्यांना चहासाठी पाणी हवं असेल तर त्यांनी तिसरा थर्मास न्यावा. बाळाच्या थर्मासला कुणी हात लावू नये.

पाणी कुठलं? घरचं नर्मदेचं नळाचं पाणी उकळून चालतं, आरओचंही उकळून. आरओचं पाणी गाळलेलं असतं, निर्जंतुक नसतं. वाटेत बाटलीबंद पाणी घ्यावं लागलं तर लेबल वाचा. ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ घ्या, ‘नॅचरल मिनरल वॉटर’ नको, कारण त्यात क्षार जास्त असू शकतात. आणि बाटली सीलबंद असली तरी पाणी उकळायचंच. तांब्याच्या कळशीतलं पाणी मात्र बाळासाठी वापरू नका, पितळी पातेल्यात उकळूही नका. मोठ्यांना ते मानवतं म्हणून बाळालाही द्यावंसं वाटतं. पण लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार आपल्याकडे पूर्वी बराच दिसायचा, आणि १९८०च्या दशकात पुण्यात झालेल्या अभ्यासांनी त्याचा संबंध पितळी भांड्यांत तापवलेल्या दुधात उतरणाऱ्या तांब्याशी जोडला. स्टीलचं पातेलं वापरा, विषय संपला.

पावडरीचं माप तुम्हाला रोजचं आहे, तरी चुका इथेच होतात. आपल्याकडे बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं असतं, म्हणजे १२० मिलीला चार. तुमच्या डब्यावर काय आहे ते बघा, आणि चमचा त्याच डब्यातला हवा; दुसऱ्या कंपनीच्या किंवा दुसऱ्या टप्प्याच्या (मोठ्या बाळांसाठीच्या) पावडरीच्या चमच्यात पावडर वेगळी मावते. चमचा दाबून भरायचा नाही, सुरीच्या पाठीनं सपाट करायचा. कप्प्याकप्प्यांच्या छोट्या डबीत एका कप्प्यात एका वेळची पावडर दिवसाउजेडी मोजून ठेवा, म्हणजे रात्री अडीचला बसच्या मिणमिणत्या दिव्यात ‘तीन झाले की चार’ हा घोळ होत नाही. डबी उकळून, पूर्ण वाळवून घ्या. थेंबभर ओल राहिली तरी पावडर गोळा होते आणि जंतूंना पाणी मिळतं. सिलिकाची पुडी वगैरे आत टाकू नका. पुण्यातल्या मुक्कामाचाही विचार करा: चमचा साधारण साडेचार ग्रॅमचा धरला आणि दिवसाला सात वेळा दूध असेल तर ४०० ग्रॅमचा डबा तीन दिवसांत संपतो. तीच पावडर तिथे मिळेलच या भरवशावर राहू नका, सीलबंद डबा सोबत ठेवा.

बाटल्या पाच न्या, प्रत्येक वेळी नवी. ब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून, निपल उलटं करून आतून चोळून, सगळे भाग पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यात खळखळ उकळी आल्यावर १० मिनिटं ठेवा. बाटलीत हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढा भाग उकळत नाही, चिमट्यानं ती कलती करा. मग चिमट्यानंच काढून, पाणी झटकून, निपल आणि झाकण लावून लगेच बंद करा. फडक्यानं पुसू नका. अशा बंद बाटल्या धुतलेल्या कापडी पिशवीत ठेवायच्या, आणि भरायच्या वेळेपर्यंत कुणी उघडायच्या नाहीत. स्टीलची बाटली वापरत असाल तर दोन गोष्टी ध्यानात घ्या: आतलं माप अंधारात दिसत नाही, म्हणून खुणा असलेला पेला तोही उकळून न्या, आणि स्टील भरताच बाहेरून चटका देतं, तेव्हा नॅपकिन गुंडाळूनच धरा.

बाटलीऐवजी वाटी-चमच्यानं पाजायची सवय असेल तर फारच चांगलं, वाटी कुठेही नीट घासता येते. घरात जुनं बोंडलं असेल तर ते मात्र प्रवासात नको. त्याच्या चोचीत दूध वाळून बसतं आणि तिथपर्यंत ब्रश पोचत नाही.

आता बसमधली कृती. बाळ रडायला लागल्यावर सुरुवात करू नका. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी करा, शक्य तर बस थांबलेली असताना. बाळ एकाच्या हातात, दूध दुसरा करणार, आणि दोघं शेजारी शेजारी नाहीत. मांडीवर बाळ आणि हातात थर्मास हे कधीच नको. ७० अंशांचं पाणी अंगावर सांडलं तर बाळाची कातडी क्षणात भाजते.

आधी हात साबणानं धुवा. बसमध्ये बेसिन नसतं, पण साबणाच्या कागदी चकत्या आणि पाण्याची बाटली पुरते; दारातून बाहेर हात धरून दुसऱ्यानं पाणी घालायचं, बस उभी असताना. हात धुऊन कोरडे झाल्यावरच पावडरीची डबी उघडा. बाटली सपाट जागेवर ठेवून थर्मासमधलं पाणी १२० च्या खुणेपर्यंत घाला आणि डोळे खुणेच्या पातळीला आणून बघा. पाणी आधी, पावडर नंतर. चार चमचे पडल्यावर दूध १३०च्या वर चढलेलं दिसेल, ते बरोबर आहे. ज्यांना हे ठाऊक नसतं ते पावडर आधी टाकून १२०पर्यंत पाणी भरतात, आणि दूध दर वेळी दाट होतं. दाट दुधानं बाळाच्या रक्तात क्षार वाढतात, उन्हाळ्यात पाणी आणखी कमी पडतं, शी घट्ट होते. पातळ दुधानं पोट भरल्यासारखं वाटतं पण वजन वाढत नाही. ‘गरमी आहे, थोडं पातळ करू’ हे म्हणून चालत नाही. उन्हाळ्यात हवं तर थोड्या थोड्या वेळानं जास्त वेळा पाजा, माप तेच ठेवा.

झाकण लावल्यावर जोरात हलवू नका. गरम दूध बंद बाटलीत हलवलं की आतली हवा तापून दाब धरते आणि निपलच्या भोकातून चिळकांडी उडते, तीही ७० अंशांची, आणि नेमकी धरणाऱ्याच्या तोंडावर. बाटली दोन तळहातांत धरून गोल गोल फिरवा, टोपी वर लावून ठेवा. गुठळ्या राहिल्या तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा फिरवा. यानं फेसही कमी होतो, बाळाच्या पोटात हवा कमी जाते.

नंतर ते निववायचं, आणि मे महिन्यात हीच मोठी पायरी. स्टीलच्या खोल मगात थंड पाणी घेऊन बाटली त्यात उभी करा, पाणी झाकणाच्या कड्याच्या खालीच राहू द्या. इंदूरच्या मे महिन्यात साधं पाणीच इतकं तापलेलं असतं की त्यात दूध निवता निवत नाही. त्यासाठी एक युक्ती: अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आदल्या रात्री फ्रीजरमध्ये गोठवून टॉवेलात गुंडाळून न्या. रात्रभरात ती हळूहळू वितळत जाते आणि दर वेळी मगभर गार पाणी मिळतं. मगातली बाटली फिरवत राहिलात तर पाच-सात मिनिटांत दूध पाजण्याजोगं होतं. हे पाणी फक्त बाहेरून गार करायला, दुधात घालायचं नाही. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघण्याआधी बाटली पुन्हा एकदा फिरवा. बाहेरचा थर गार आणि मधला भाग गरम असं होतं, स्टीलच्या बाटलीत तर फारच.

अर्धं गरम पाणी आणि अर्धं उकळून गार केलेलं, अशी झटपट पद्धत काही जण सांगतात. मी ती सुचवत नाही. थोड्याशा गरम पाण्यात सगळी पावडर पडली की ते पाणी ७०च्या खाली उतरू शकतं आणि सगळा उद्देशच फसतो.

मुलीनं ६० मिली पिऊन झोप काढली तर उरलेलं टाकून द्या. बाटलीला तोंड लागलं की लाळेतले जंतू दुधात जातात, ते पुन्हा तापवून मरत नाहीत. पिणं सुरू झाल्यापासून तासाभरात जे संपलं ते संपलं. पावडर महाग आहे, टाकताना जीव तुटतो, हे खरंच. म्हणून रात्री १२० ऐवजी आधी ९० करा, भूक राहिली तर आणखी ३० करता येतात; त्यासाठी डबीत तीन चमचे आणि एक चमचा असे वेगळे कप्पे भरा.

सेंधवा-शिरपूरच्या आसपास बस जेवणासाठी थांबते. तिथे पाणी भरून घ्यायचं असेल तर ढाब्याच्या पिंपातलं ‘गरम पाणी’ घेऊ नका. ते नुसतं तापवलेलं असतं, आणि चहाच्या पातेल्याला दूध-साखर लागलेली असते. तुमचं छोटं झाकणाचं पातेलं आणि सीलबंद पाणी द्या, भट्टीवर ठेवायला सांगा आणि तिथेच उभं राहा. तळाला बुडबुडे दिसले म्हणजे उकळी नव्हे. सगळं पाणी खालून वर खळखळलं पाहिजे. मग झाकण ठेवून उतरवा आणि थेट थर्मासमध्ये ओता. बाळासाठी म्हटल्यावर ढाबेवाले सहसा नाही म्हणत नाहीत.

पहाटे मोजलं आणि पाणी ६० वरच असेल तर? तुमच्या मुलीच्या वयाला आणि तब्येतीला पुढचा उत्तम पर्याय असा: त्याच उकळलेल्या पाण्यात दूध करा, पण करताक्षणी पाजा आणि उरलेलं लगेच टाका. यात जंतू मरत नाहीत, फक्त त्यांना वाढायला वेळ मिळत नाही. ढाब्यावरचं गाईचं किंवा म्हशीचं दूध हा पर्याय नाही, वर्षाच्या आत नाहीच. दुधात साखर, मध, तांदळाची पेज काही घालू नका. मधातून वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते. बाळगुटी देत असलात तरी सहाणेवरची ती उगाळणी बाटलीत मिसळू नका.

हेच आगगाडीनं, समजा अवंतिका एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं असतं तर थोडं सोपं होतं: जागा स्थिर, हात धुवायला बेसिन. पण मोबाइलच्या प्लगवर विजेची किटली लावू नका, रेल्वेत त्याला बंदी आहे. डब्यातल्या नळाच्या पाण्यानं हात धुवा, बाटली विसळू नका. उज्जैनसारख्या ५५ किलोमीटरच्या सहलीला मात्र तयार दूध नेता येतं, अट एवढीच की ते फ्रीजमध्ये ५ अंशांखाली पूर्ण गार झालेलं हवं, बर्फाच्या पिशव्या असलेल्या डब्यात हवं आणि निघाल्यापासून दोन तासांत प्यायला हवं. महाकालच्या रांगेचा भरवसा नसतो, तेव्हा तिथेही पावडर आणि थर्मासच बरे.

प्रवासात किंवा नंतरच्या काही दिवसांत मुलीनं दूध घ्यायचंच सोडलं, अंग ढिलं पडलं, उठवूनही नीट जागी होत नाही, अंग तापलं किंवा उलट गार पडलं, हिरवी उलटी झाली, टाळू खोल गेली किंवा सहा-आठ तास लंगोट ओला झाला नाही, तर पुणं येईपर्यंत थांबू नका. जवळच्या गावात उतरून १०८ला फोन लावा आणि डॉक्टरांना ती पावडरचं दूध पिते हे आपणहून सांगा.

पुण्यात पोचल्यावर थर्मासमधलं उरलेलं पाणी ओतून द्या. वापरलेल्या बाटल्या वाटेत घासायला मिळालेल्या नसतात, त्यांच्या कडांना दूध वाळलेलं असतं. अर्धा तास साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, मग ब्रश आणि मग १० मिनिटांची उकळी. हॉलवर खोलीत विजेची किटली असेल तर तिच्यात आधी कुणी अंडी नाहीतर नूडल्स शिजवल्या असतील हे धरून चाला: घासून, एकदा पाणी उकळून फेकून, दुसऱ्यांदा उकळलेलं पाणी बाळासाठी घ्या. आणि लग्नघरात मुलगी दहा जणांच्या हातात जाईल, तेव्हा बाटली कधी केली ती वेळ चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावा.